दोन डझनांत एक कमी

"अशी चलत रवलंस तर सुकती संपान भरती येतली, वयनी!" पमी पुढून ओरडली.

मी चालत नव्हतेच. पायवाटेच्या मधोमध एका पायावर उभी होते. उजव्या चपलेचा अंगठा तुटून हातात आला होता. लग्नात वडिलांनी गडहिंग्लजहून खास करून आणलेल्या कोल्हापुरी चपला होत्या त्या. खाडीकाठी असल्या चपला कुणी घालत नाही, हे सासूबाईंनी दोनदा सांगून झालं होतं. पण मी त्या वयात सांगून ऐकणाऱ्यांतली नव्हते.

पमी धावत मागं आली. ती माझी नणंद, सतरा वर्षांची. माझ्या लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते, आणि एसटीत कंडक्टर असलेला माझा नवरा आठवड्यातून एकदा घरी यायचा. बाकीचे सहा दिवस मला त्या घरात कुणी जिवाभावाचं असेल तर ती पमी. तिनं तुटलेला अंगठा बघितला, खदाखदा हसली आणि आपल्या लाल पट्ट्यांच्या रबरी सपाता माझ्यापुढं टाकल्या.

"ह्यो घाल. बांदार कालवां आसत. तुझे घाटावरचे पाय, फाटान जातीत."

"आणि तू?"

"माका काय होता? मी वाळयेतच रवतलंय." मग ती थोडी थबकली. "पण एक कर. तुझ्यो ह्यो तुटक्यो बांदार ठेव, माझ्या नावान. मोजूक होयो मा?"

"ठेवते."

"इसरू नको हां." आणि ती अनवाणी पळत सुटली.

मी चपला उचलल्या आणि तिच्यामागून निघाले. बांध दिसायला लागला तशा बायकाही दिसायला लागल्या. त्यात रुक्मिणवहिनी होती. माझ्या त्या चपलांवरून तिनं आदल्याच आठवड्यात सगळ्या पाणवठ्याला हसवलं होतं. आता त्याच चपला तुटलेल्या बघून ती मला महिनाभर सोडणार नव्हती. मी ठरवलं, सगळ्या होडीत बसून गेल्या की चपला आणून ठेवायच्या. तोवर त्या काजूच्या कुंपणात खोचल्या आणि पमीच्या सपाता घालून ऐटीत बांधावर गेले.

तिथली रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ओहोटी लागली की खाडीच्या मधोमध वाळूचा एक लांब दांडा उघडा पडे. त्यावर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या मिळत. बायका सकाळी होडीतून जाऊन तीनेक तास वाळू उकरत आणि पाणी फिरलं की परत येत. पाणी फिरल्यावर तासा-दीड तासात दांडा असा बुडे, की तिथं काही होतं हे नवख्याला पटू नये. दोन पुरुष पाणी. बायकांना पोहता येत नसे. म्हणून कोण मागं राहिलं हे कळणं म्हणजे सगळं काही होतं.

पण माणसं मोजायची नाहीत. माणसं मोजली की कमी होतात, असं त्या गावात लहान पोरालाही माहीत होतं. तेव्हा चपला मोजायच्या. जाताना प्रत्येकीनं आपली जोडी बांधाच्या पायऱ्यांवर काढून ठेवायची आणि एकीनं बांधावर बसून राखण करायची. आल्यावर जिची तिनं जोडी घालायची. जोडी उरली तर बाई उरली. पायऱ्या रिकाम्या झाल्या की राखणारीनं हात वर करायचा, होडीवाल्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पायऱ्या बघायच्या आणि मगच होडी वळणापलीकडं नांगरायला न्यायची. कितीतरी वर्षांत कुणी राहिलं नव्हतं.

राखणीला नेहमी सायत्राकाकी बसे. ती डझनाला एक शिंपला बाजूला टाकून मोजायची. त्या दिवशी ती तापानं फणफणली होती, आणि सासूबाईंनी आदल्या दिवशीच पाणवठ्यावर जाहीर केलं होतं, "माझी सून बसतली. बारावी झालेली आसा. गणितात पयली."

ते खरं होतं. गणितात मी पहिली होते, आणि ते मी विसरत नसे, कुणाला विसरूही देत नसे.

"काय गो मास्तरीण," बांधावर पाय ठेवताच रुक्मिणवहिनीनं सुरू केलं, "तीन डझन जोड्यांच्यो चपलो किती?"

"बाहत्तर."

"आणि एक व्हावान गेली तर?"

"एकाहत्तर चपला. पस्तीस जोड्या. आणि एक बाई रडत घरी."

सगळ्या हसल्या. होडीतून पमीही हसली. ती पहिल्याच खेपेत जाऊन बसली होती, कडेला, हात पाण्यात सोडून. होडी सुटली तशी ती ओरडली, "वयनी, ठेवलंस?"

मी मान डोलावली.

ठेवणारच होते ना मी. थोड्या वेळानं.

दुसरी खेप गेली, तिसरी गेली. मी पायऱ्यांवरून खाली-वर फिरून मोजलं. जोड्या मोजल्या नाहीत, एकेक चप्पल मोजली, कारण शहाणपणा. शेहेचाळीस. अर्धे तेवीस.

होडी दांड्याला लावून बाबलकाका परत आले. पन्नाशीचा, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. गेली बावीस वर्षं बायकांना तेच नेत होते. त्यांनी होडी पायरीला लावली आणि विचारलं, "किती झाल्यो?"

"दोन डझनांत एक कमी."

"एक कमी?"

"तेवीस. दोनदा मोजल्यात."

"बरां," ते म्हणाले. पण लगेच वळले नाहीत. दांड्याकडं बघत उभे राहिले. "माका वाटलेला दोन डझन असतीत."

"का? मोजलीत की काय माणसं?" मी चेष्टेनं म्हटलं.

"नाय गो बाय," ते ओशाळून म्हणाले. "असाच आपला वाटला."

होडीत एका खेपेला आठ बायका बसत. तीन खेपा झाल्या होत्या आणि तिन्ही भरून. आठ त्रिक चोवीस. हा पाढा मला दुसरीत येत होता. पण मी चपला मोजायला बसले होते, होडी मोजायला नाही, आणि माझा आकडा बरोबर होता. आजही सांगते, त्या पायऱ्यांवर तेवीसच जोड्या होत्या.

उन्हं चढली. बांधावर एक भेंडीचं झाड होतं, त्याच्या सावलीत मी बसले. दांड्यावर बायका वाकलेल्या दिसत, लांबून नुसते रंगीत ठिपके. वाऱ्यावर त्यांचं बोलणं मधूनच येई आणि तुटे. काकांनी मला शहाळं फोडून दिलं. मग पाण्यात उभ्या असलेल्या जाळ्याच्या खुंटाकडं बोट दाखवून म्हणाले, "तो काळो डाग दिसता? पाणी थय लागला की फिरला समजायचा. मगे घाई करूची. भरती वाट बघणा नाय."

"तुमच्या हातून कधी कुणी राहिलंय का काका?"

"नाय." त्यांनी पटकन होडीच्या लाकडाला हात लावला. "बोला नये असा."

मला वाटतं मी तिथं पेंगले. किती वेळ, सांगता येत नाही. कुंपणात खोचलेल्या चपलांची आठवण मला त्या अख्ख्या वेळात एकदाही झाली नाही. पायात एक जोडी होती, तेवढं पुरे होतं. जे पायात असतं, ते माणूस मोजत नाही.

जाग आली तेव्हा काळा डाग बुडाला होता आणि काका पहिली खेप घेऊन येत होते. आठ बायका, आठ भरलेल्या पाट्या. मी एकेकीच्या डोक्यावर पाटी चढवून द्यायची, ती पायानं आपली जोडी चाचपायची आणि चालू लागायची. दुसऱ्या खेपेला तर गोंधळच झाला. एकीची पाटी पायऱ्यांवर सांडली आणि तिसऱ्या गोळा करायला सगळ्या वाकल्या. रुक्मिणवहिनी म्हणाली, "मोज गो मास्तरीण, किती डझन तिसऱ्यो सांडल्यो ता!" मी खरंच मोजायला लागले. सगळ्या हसत होत्या. माझी मान खाली होती. बायकांचे पाय तेवढे मला दिसत होते.

तिसऱ्या खेपेला सात जणी उतरल्या.

"होडी हलकी लागली," काका म्हणाले.

"पाट्या कमी असतील," मी म्हटलं.

सात जणींनी सात जोड्या घातल्या आणि भराभर वाटेला लागल्या, कारण ऊन तापलं होतं. पायऱ्या रिकाम्या झाल्या. पमी कुठंय, हे माझ्या मनात आलं का, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. नाही आलं. ती कधी कुणासाठी थांबणारी नव्हती, मैत्रिणींबरोबर पुढं गेली असेल, असं मी नंतर सांगितलं. पण तसंही काही मला वाटलं नव्हतं. काहीच वाटलं नव्हतं. पायऱ्या रिकाम्या होत्या, म्हणजे सगळ्या आल्या होत्या.

मी हात वर केला.

काकांनी पायऱ्यांकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश, नेहमीसारखं. मग वल्हं मारलं आणि होडी वळणाकडं निघाली.

मी उठले, पदर झटकला, दोन पावलं टाकली. सपात पायाला थोडी मोठी होती, ती टाचेला फटकन लागली. मी खाली बघितलं.

लाल पट्टे.

मी वळले. दांडा आता दांडा राहिलाच नव्हता. पाण्यात पिवळसर पट्टा तेवढा दिसत होता, आणि त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, खडकाच्या अंगाला एक माणूस उभं होतं. तिकडं मोठ्या तिसऱ्या मिळतात म्हणून पमी नेहमी जायची. ती हात हलवत होती. पाणी तिच्या गुडघ्यांना लागलेलं मला दिसत होतं.

काका अजून हाकेच्या टप्प्यात होते. त्यांची पाठ मला दिसत होती. मी नुसतं "काका!" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मी म्हटलं नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते मी आता लपवत नाही. पमी आली नाही. पमी सपाता मागणार. माझी मोजणी चुकली. बारावी झालेली, गणितात पहिली आलेली सून नणंदेच्या सपाता घालून बसली आणि नणंदेला बुडवून आली. हे सगळं एका दमात आलं, आणि हाक त्याच्यामागं अडकली.

मी सपाता काढल्या. खाली उतरले आणि खालच्या पायरीवर त्या ठेवल्या.

मग हाक मारली.

होडी वळणाआड गेली होती. कांदळवनाच्या पलीकडून वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता, आणि वारा माझ्या तोंडावर होता. मी बांधावरून अनवाणी पळत सुटले. कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तळपाय फाडले, ते मला रात्री कळलं. मी ओरडत होते, "काका! पमी राहिली! काका!" वळणापर्यंत पोचायला किती वेळ लागला, देव जाणे. काका होडी नांगरून, वल्हं खांद्यावर टाकून घराकडं वळले होते. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि काहीही न विचारता परत पाण्यात उडी मारली. मीही होडीत चढले.

भरती आमच्या विरुद्ध नव्हती, पण आडवी होती. काका दातओठ खात वल्हवत होते. बांधासमोरून जाताना त्यांनी मान वळवली. खालच्या पायरीवर लाल पट्ट्यांची जोडी होती. एक लाट येऊन तिला शिवून गेली.

"ही खय होती?" त्यांनी विचारलं.

"तिथंच होती," मी म्हटलं. "मी थांबा म्हणून हात केला होता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पायरीकडं. वल्हं क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

दांडा पूर्ण बुडाला होता. पमी दिसत नव्हती. मी तिचं नाव घेऊन ओरडत होते, आणि पाणी तर इतकं शांत होतं की माझा आवाज मलाच विचित्र वाटत होता. मग काकांना ती दिसली. भरतीनं तिला वर ढकलत नेलं होतं आणि जाळ्याच्या एका खुंटाला तिनं मिठी मारली होती. हनुवटीपर्यंत पाणी. डोळे उघडे. मी हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. काकांनी काखेत हात घालून तिला वर ओढली.

पमी वाचली. पोटातलं पाणी निघालं, पण ताप चढला आणि उतरेना. तीन दिवस ती नुसती पडून होती. बोलत नव्हती, खात नव्हती. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. सासूबाई उशाशी बसून, दिसेल त्या देवाला नवस बोलत होत्या. मी पायाला फडकी बांधून घरभर फिरत होते. माझे पाय बघून सगळ्या म्हणत, "बघा, बिचारी सून कशी धावली!" सासूबाईंनी स्वतः माझ्या तळव्यांना हळद लावली. मी लावून घेतली.

तिसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर गाव बसला. बायका खांबांमागं उभ्या होत्या, मीही होते. काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. कुणी त्यांना फार काही विचारलंच नाही. जोडी पायरीवर होती, सगळ्यांनी बघितली होती. होडी परत आली तेव्हा निम्मं गाव बांधावर जमलं होतं, आणि पाणी चढताना कुणीतरी ती जोडी वरच्या पायरीवर उचलून ठेवली होती.

"बाबल, पायऱ्यांर जोडी आसताना तू गेलंस कसो?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

काकांनी गुडघ्यावरची टोपी उचलली. "बघलेलंय मी," ते म्हणाले. मग टोपी परत गुडघ्यावर ठेवली. "बघलेलंय असा माका वाटता."

"मगे जोडी दिसली नाय?"

मी खांब धरला. आता ते म्हणतील, पायऱ्या रिकाम्या होत्या. म्हणतील, सुनेनं हात केला. मग मला बोलावं लागेल. मला बोलावं लागावं असं मला वाटत होतं की वाटत नव्हतं, हे मला अजूनही सांगता येत नाही.

"माझा चुकला," काका म्हणाले.

सासूबाई खांबामागूनच कडाडल्या. बावीस वर्षांचं काहीबाही बोलल्या. ते मी इथं लिहीत नाही. काकांनी मान खाली घालून ऐकलं. बायकांची होडी यापुढं दुसऱ्या कुणी न्यायची असं ठरलं आणि गाव उठला.

त्या संध्याकाळी मी पमीला पेज भरवायला बसले होते. सासूबाई मागच्या दारी होत्या. पमीचं अंग पहिल्यांदाच निवलं होतं. दोन चमचे तिनं घेतले. तिसरा पुढं केला तेव्हा तोंड उघडलं नाही.

"वयनी," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "मी हात हालवत होतंय."

"बोलू नको. आधी पेज घे."

"तू माझ्याकडे बघलंस."

मी चमचा वाटीत ठेवला.

"बघलंस मा?"

"हो."

"मगे चपलो काढलंस." ती छताकडं बघत बोलत होती. रागावलेली नव्हती. काहीतरी नीट आठवून लावल्यासारखं एकेक वाक्य ठेवत होती. "तेवा माका काय वाटला, म्हायत हा? माका वाटला, वयनी पाण्यात उडी मारतली. म्हणान चपलो काढता."

माहेरच्या विहिरीत मी पोहायला शिकले होते. पमीला मी ते शंभरदा ऐकवलं होतं. मी तळ गाठून माती वर आणायचे, हेही ऐकवलं होतं.

"मी वाट बघी होतंय," पमी म्हणाली. "तू चपलो पायरेर ठेवलंस. मगे हाक मारलंस. बाबलकाकांक."

मी वाटीतली पेज ढवळत राहिले. आजवर मला इतकी लाज कधी वाटली नाही आणि पुढंही वाटणार नाही.

"आयेक सांगू नको म्हणतंस?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मीच सांगते."

मी उठून मागच्या दारी गेले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. कुंपणात खोचलेल्या चपलांपासून सांगितलं. त्या भांडी घासत होत्या. त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. राखेचे हात तसेच मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "त्या माणसाक मी काय काय बोललंय गो." तेवढंच. नवऱ्यानं मात्र त्यानंतर दोन महिने घरी पाऊल टाकलं नाही, डेपोतच झोपला. माझ्या वाट्याला जे यायचं ते सगळं आलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई, गावातले दोन वडीलधारे आणि मी असे चौघं बाबलकाकांच्या दारात गेलो. अंगणात होडी पालथी घातली होती. तिच्यावर त्यांची बायको मिरच्या वाळत घालत होती.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. पायऱ्या रिकाम्या होत्या काका, तुमची काही चूक नाही. सपाता माझ्या पायात होत्या. तुम्ही वळल्यावर मी त्या ठेवल्या. खोटं मी बोलले.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बायकोला म्हणाले, "पाणी आण गो, बाय धावत इलीहा."

"काका, ऐकताय ना?"

"ऐकतंय. भली आसस तू. पण माझ्यासाठी खोटा बोलू नको."

"खोटं नाही. पमीनं बघितलंय मला."

"पमी पाण्यात होती. तिका थयसून काय दिसतला?"

"बाबल," सासूबाई म्हणाल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदाच कुणापुढं हात जोडताना बघितलं, "चेडू सांगता ता खरा. सून सांगता ताव खरा. चूक आमची. तू होडी पाण्यात घाल."

काका नुसते हसले. मोठ्या मनाची माणसं, असं काहीसं पुटपुटले.

गावानं माझं ऐकलं. देवळाच्या त्याच ओट्यावर गावानं त्यांची माफी मागितली. बायका दोनदा त्यांना बोलवायला गेल्या. त्यांनी ऐकलं नाही. मी तीन दिवस उशीर केला होता, आणि त्या तीन दिवसांत, तिन्ही रात्री जागून, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास मोडून टाकला होता. मला वाटलं होतं, काही महिन्यांनी निवळेल. ते पुढं चौदा वर्षं जगले. दर गणपतीत मी त्यांच्या पाया पडायला जायची आणि दर वर्षी तेच सांगायची. पायऱ्या रिकाम्या होत्या, काका. ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. त्यांची होडी पालथीच राहिली आणि एका पावसाळ्यात कुजून गेली.

शेवटची गेले तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मला जवळ बसायची खूण केली.

"तू सांगतंस ता माका कळता," ते हळू आवाजात म्हणाले. "पण डोळे मिटलंय की माका दिसता गो. मी होडी फिरवतंय, पायऱ्यांर बघतंय, आणि खालच्या पायरेर जोडी आसा. लाल पट्ट्यांची. डावी वायच पुढे. मी बघतंय आणि तरी जातंय. कित्याक जातंय, ता माका सांगता येणा नाय."

डावी थोडी पुढं होती, ते खरं आहे. घाईत मी ती तशीच ठेवली होती.